दोन नारिंगी वायरी

आमच्या घरात कुठलीही वस्तू घ्यायची ती हाताने तोलून. छत्री असो, कढई असो, नाहीतर कलिंगड असो, आधी ती तळहातावर घ्यायची, दोनदा वरखाली करायची आणि मगच भाव विचारायचा. जड ते खरं, हलकं ते फसवं, हा बाबांचा कायदा होता. आयेचा कायदा जरा वेगळा होता. ती जन्मभर मासळी विकलेली बाई, तिचा तोलण्यावर भरवसा नव्हता. ती म्हणायची, "वजन कोण बी वाढवील, बर्फ घातला की झालं. कल्ला उघडून रंग बघावा." मी त्या दोघांचा मुलगा, आणि मला दोन्ही कायदे तोंडपाठ होते. तरी व्हायचं ते झालंच. कारण त्या वर्षी मी स्वतःला फार शहाणा समजत होतो. बारावीला दोनदा गचके खाऊन पालघरला तीन महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केला होता आणि त्याचं सर्टिफिकेट फ्रेम करून देव्हाऱ्याच्या वर टांगलं होतं. अर्ध्या हळकुंडाने पिवळा होणं म्हणतात ना, तसा मी पाव हळकुंडातच झालो होतो.

घर एडवणला, वाळूच्या कडेला. पुढच्या अंगणात बांबूच्या वलांड्या, त्यांवर सुकायला टांगलेले बोंबील, खाली ताडपत्रीवर पसरलेला जवळा. सकाळी डोळा उघडायच्या आधी कानात कावळे यायचे, आणि त्यांना हाकलणारा आयेचा आवाज. वारा खाडीकडून वळला की सगळ्या घरभर तो वास. आमचे कपडे, वह्या, उशा, सगळ्याला तो वास होता. लहानपणी मला तो कळायचाही नाही. कॉलेजात एका मुलीने बाकावर दोन हात लांब सरकून बसायला सुरुवात केली, तेव्हा कळला. तेव्हापासून मी घराबाहेर पडताना शर्टाला पावडर फासायचो. आये बघत असायची.

बाबा तारापूरच्या एका कारखान्यात ऑपरेटर होते. आठवडाभर सालवडला चार जणांत मिळून घेतलेल्या खोलीत राहायचे आणि सुट्टीला घरी यायचे. त्यांच्या अंगालाही वास असायचा, पण औषधांचा, घसा धरणारा. एका सुट्टीला ते टेम्पोतून कॉम्प्युटर घेऊन उतरले. कंपनीने ऑफिसातली जुनी मशिनं काढली होती, त्यांतलं एक बाबांनी साहेबांच्या हातापाया पडून मिळवलं होतं. बाहेरच्या देशात बनलेलं, मळक्या पांढऱ्या रंगाचं, दगडासारखं जड. बाबा खुशीत होते. "उचलून बघ," ते मला म्हणाले. "असला माल आता मिळत नाय." आणला होता माझ्यासाठी. पण त्यावर बसली ताई.

ताई म्हणजे सुलभा, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. लहानपणीच्या तापाने तिचा डावा पाय बारीक राहिलेला. चालायची, पण लंगडत, आणि डोक्यावर टोपली घेऊन चालणं तर नाहीच. आमच्या गावात बाईला टोपली उचलता येत नाही म्हणजे तिचं काय करायचं हे कुणालाच ठाऊक नसतं. बायका तिच्या तोंडावर म्हणायच्या, "ह्या पोरीचा काय व्हयाचा गो?" ताई हसायची आणि जवळा निवडत बसायची. दहावीला तिला मराठीत शाळेत सगळ्यांत जास्त मार्क होते, पण पुढचं शिक्षण पालघरला, बस गाठायची, उभं राहायचं, आणि ते तिथेच राहिलं. तर हिने माझ्या कोर्सच्या वहीतून मराठी टायपिंगचा तक्ता उतरवून घेतला. कॅलेंडरमधली अक्षरं कापली, भाताच्या खळीने एकेका बटणावर चिकटवली आणि सुरू केलं. दोन महिन्यांत कागद झिजून उडून गेले. तोवर तिला त्यांची गरज उरली नव्हती. वलांडीवरच्या कावळ्यांना तोंडाने हाकलत, नजर अंगणात ठेवून, ती 'आमचे येथे श्रीकृपेकरून' पासून 'आपले विनम्र' पर्यंत आख्खी लग्नपत्रिका टाइप करायची. एक वेलांटी चुकायची नाही.

पालघरच्या एका छापखान्याचे राऊतकाका तिला काम देऊ लागले. मी मजकुराचे कागद आणायचो, फ्लॉपी पोचवायचो. एकदा ते स्वतःच एडवणला येऊन गेले, करंदीचं कालवण आणि तांदळाची भाकरी जेवले आणि उठताना म्हणाले, "सुलभा, तुझं मशीन चालू आहे तोवर माझ्या सगळ्या पत्रिका तुझ्याच. दुसरा माणूस बघत नाही मी." ताई मोरीकडे हात धुवायच्या निमित्ताने गेली ती बराच वेळ आलीच नाही. आये म्हणाली, "रडते हाय. रडू दे. चांगल्याचं रडणं हाय." त्या हंगामात वाड्यातल्या बायका तिला 'सुली' म्हणायच्या त्या 'सुलभाताई' म्हणायला लागल्या. कुणाच्या घरी लग्न ठरलं की आधी भटजी आणि मग आमची ताई. मी हे डोळ्यांनी बघितलेलं आहे, म्हणूनच पुढचं लिहायला हात जड होतो.

ऐन लग्नसराईत एका दुपारी मशीनच्या मागून फट् असा आवाज आला, जळका वास आला आणि सगळं थंड. आमच्याकडची लाईट म्हणजे कधी दिवा काजव्याएवढा, कधी डोळे दिपतील एवढा. त्यात खारं वारं, लोखंडालाही खातं. मी स्क्रू काढले, आतली पॉवर सप्लायची पेटी बाहेर काढली, नाकाला लावली आणि डॉक्टरच्या थाटात सांगितलं, "सप्लाय गेला. बाकी सगळं ठीक आहे." हे मात्र मी बरोबर सांगितलं होतं. बाकी सगळं खरंच ठीक होतं. ताईने विचारलं, "शुक्रवारपर्यंत व्हईल? अकरा पत्रिका हायत." मी म्हणालो, "उद्याच होईल. सप्लाय बदलणं म्हणजे काय, बल्ब बदलण्यासारखं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आयेने जुनी पेटी एका पिशवीत घालून माझ्या हातात दिली. "हा घेऊन जा. दुकानवाल्याला दाखव, असाच दे म्हणावं." पिशवी सुक्या बोंबलाची. घरात दुसरी पिशवी असायची कुठून? मी दारापर्यंत आलो आणि तो वास नाकात गेला. डोळ्यांपुढे बोईसरचं कॉम्प्युटरचं दुकान आलं, काचेचं दार, पंखे, इस्त्रीचे शर्ट घातलेले कंपन्यांचे लोक, आणि मध्ये मी बोंबलाच्या पिशवीतून पेटी काढतोय. आये पाठमोरी झाल्यावर मी पिशवी वळचणीला सरकवली आणि मोकळ्या हाताने एसटी पकडली. हे मी अगदी परवापरवापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं मी लोकांना 'दुकानदाराने जुना सप्लाय मागितलाच नाही' असं सांगत आलो. मागितला होता.

सफाळ्याहून गाडीने बोईसरला उतरलो, स्टेशनबाहेरच्या गुप्ताजींच्या दुकानात गेलो. हा माणूस सरळ होता, आजही सांगतो. त्याने चष्म्यावरून बघत विचारलं, "पुराना साथ में लाये हो?"

"नहीं."

"मशीन कौन सा है? कंपनी का ब्रँडेड है, कि असेंबल किया हुआ?"

आता मशीन कारखान्याच्या ऑफिसातलं, त्याच्यावर परदेशी कंपनीचं नाव ठळक कोरलेलं. पण 'ब्रँडेड' म्हटलं तर पुढे आणखी काय विचारेल, आणि मला ते आलं नाही तर? दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. मी म्हणालो, "असेंबल. मैंने कोर्स किया है, मैं लगा लूंगा." गुप्ताजी एवढंच म्हणाले, "लगाने से पहले वायर का कलर मिला लेना. नहीं मिले तो मत लगाना, वापस ले आना." आणि दोन पेट्या समोर ठेवल्या. मी काय केलं असेल? एक डाव्या हातात घेतली, एक उजव्या हातात, दोनदा वरखाली केली आणि जड होती ती घेतली. बापाचा मुलगा!

घरी आलो तेव्हा ताई नव्हती. शेजारच्या रिक्षातून राऊतकाकांकडे गेली होती, शुक्रवारचं वचन स्वतः द्यायला. घरात फक्त आये, दारात बसून फाटक्या जाळ्याचे डोळे विणत होती. मी नवी पेटी बसवली आणि मदरबोर्डचा मोठा प्लग हातात घेतला. वीस टोकांचा, खटकन बसला. जुनाही वीस टोकांचाच होता. मला आणखी काय हवं होतं? आये उठून मागे येऊन उभी राहिली. तिने वळचणीची पिशवी आणली होती. पिशवी घरीच का, हे तिने विचारलं नाही. जुन्या पेटीचा प्लग तिने बाहेर ओढला आणि नव्याच्या शेजारी धरला.

"पोरा, ह्यो तो नाय."

"काय नाय?"

"रंग बघ ना. जुन्याला ह्या टोकाला लाल, काळा, लाल, काळा. तुझ्याला पयल्या दोन नारिंगी. आणि ही हिरवी कुठून आली? जुन्याला हिरवी नायच. आणि जुन्याला हा दुसरा बारका प्लग हाय, तो लावायचा खड्डा रिकामाच ठेवलास."

आयेला सही येत नव्हती, अंगठा लावायची. पण समुद्रात जाळ्यांच्या खुणेच्या शंभर बोयरी तरंगत असल्या तरी आपली कुठली हे ती चिंधीच्या रंगावरून काठावरून सांगायची. आमच्याकडे रंगच नावाच्या जागी असतो. जाळं, बोयरी, वलांडी, ज्याची त्याची चिंधी ठरलेली, एक तांबडी न् एक निळी असेल तर निळीच्या आधी तांबडी आहे की नंतर यावरूनही मालक बदलतो. तिच्या दृष्टीने ती मला साधी गोष्ट सांगत होती, की बाबा, हे जाळं दुसऱ्याचं आहे. आणि गुप्ताजींनी शिकलेल्या भाषेत अगदी तेच सांगितलं होतं. दोघांच्या तोंडून एकच गोष्ट ऐकूनही माझ्या डोक्यात शिरली नाही, कारण मला राग आला होता. पिशवी तिला सापडली याचा राग, आणि तिने काही विचारलं नाही याचा तर जास्तच.

"आये, हे जाळं नाय," मी म्हणालो. "रंगाने काय होतंय? प्लग बसला ना? तुला यातलं काय कळतं? तू बोंबील बघ तुझे."

जुना प्लग तिने नीट गुंडाळून परत पिशवीत ठेवला. मी बटण दाबलं.

आवाज फार मोठा झाला नाही. आतून धुराची एक बारीक रेघ निघाली आणि छतापर्यंत सरळ गेली. मी वायर उपटली. बोर्डावर बोटाच्या पेराएवढा काळा डाग पडला होता. बस्स, एवढंच. आयेने पुढे होऊन खिडकी उघडली.

आता मला त्यातलं कळतं. काही कंपन्या त्या काळात आपल्या मशिनात सगळ्यांसारखाच प्लग घालायच्या, पण आतल्या वायरींचा क्रम आपला आपला ठेवायच्या. बाहेरून जुळी भावंडं, आतून भलतंच. बाजारातला सप्लाय लावला की जिथे काही नको तिथे करंट आणि जिथे पाच व्होल्ट हवेत तिथे दुसरंच काही. बोर्ड जळणार म्हणजे जळणार. वजनाने हे कळत नाही. वीस टोकं मोजून कळत नाही. वायरींचे रंग ओळीने लावून बघितले तरच कळतं. हे मला पुढे गुप्ताजींनीच शिकवलं, कारण वर्षभराने मी त्यांच्याच दुकानात कामाला लागलो. त्यांनी ते पहिल्याच आठवड्यात शिकवलं आणि मी मान हलवत, नवीनच ऐकतोय असं दाखवत ऐकून घेतलं.

ताई संध्याकाळी आली. दारातूनच तिचा आवाज, "झाला काय रे चालू?" हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागदांची नवी चळत. राऊतकाकांनी आणखी सोळा पत्रिका दिल्या होत्या. आणि बाहेरच्या चौकातून आमच्यासाठी बटाटेवडे आणले होते, ते अजून गरम होते. मी जमिनीकडे बघून म्हणालो, "सप्लाय घातला, पण बोर्ड आधीच गेला होता. तेव्हाच, फट् झालं तेव्हा." आयेचा हात जाळ्यात थबकला. मला वाटलं आता बोलेल. खरं सांगायचं तर मला वाटलं, बोलावं. पण तिने पुढचा डोळा विणायला घेतला. ताई खुर्चीवर बसली, मशीन झाकायचं आयेचं जुनं लुगडं उलगडून तिने त्यावर घातलं आणि म्हणाली, "वडे खा, थंड होतील."

सुट्टीला बाबा आले आणि मला घेऊन थेट गुप्ताजींकडे गेले. भर दुकानात तोंड सोडलं. चोर म्हणाले, गरिबाला फसवलं म्हणाले. गुप्ताजी शांतपणे माझ्याकडे वळले. "कलर मिलाया था?"

बाबा माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "हां. मिलाया था."

"फिर तो बोर्ड पहले से गया होगा," गुप्ताजी म्हणाले, आणि पेटी परत घेऊन बाबांचे सगळे पैसे परत दिले. वर चहा पाजला. मग विचारलं, "पुरानी सप्लाय है क्या? कभी कभी एक फ्यूज का काम होता है." जुनी पेटी पुढे त्यांनी उघडून बघितली. खरंच एका फ्यूजचं काम होतं. मी ती बोंबलाच्या पिशवीतून पहिल्याच दिवशी नेली असती तर ती दहा मिनिटांत सुरू झाली असती. पण आता लावायची कशाला? तसला बोर्ड कुठे मिळेना, आणि नवा बोर्ड म्हणजे आतलं सगळंच नवं, ते आमच्या आवाक्यात नव्हतं.

राऊतकाका आठ दिवस थांबले. मग पालघरच्याच एका मुलाला त्यांनी काम दिलं. त्यांचा दोष नाही, मुहूर्त कुणासाठी थांबत नाहीत. सगळे कागद परत न्यायला ते स्वतः आले, अवघडून दारातच उभे राहिले, जेवा म्हटलं तरी जेवले नाहीत. ताईने कागद क्रमाने लावून ठेवले होते. त्या दिवशी दुपारी ती पुन्हा ताडपत्रीवर जाऊन बसली आणि जवळा निवडायला लागली. वाड्यातल्या बायका आल्या, गेल्या. दोन-चार महिन्यांत 'सुलभाताई'ची पुन्हा 'सुली' झाली. कुणी ठरवून केलं नाही. कीबोर्ड बरीच वर्षं फळीवर होता, मग त्याच्या बटणांना बुरशी आली आणि आयेने तो फेकून दिला.

मी मात्र तरलो, बघा. आज बोईसरला माझं स्वतःचं रिपेअरचं दुकान आहे. दुकानाच्या पूजेला आये आली होती. भिंतीवर सप्लायच्या पेट्या ओळीने लावलेल्या, त्यांच्या वायरी लोंबत होत्या. तिने एक जुडगा हातात घेतला, बोटांनी वायरी एकेक करून बाजूला केल्या आणि हळूच म्हणाली, "रंग बघून देतोस ना रे?" तेवढंच. मी हो म्हणालो. तिला जाऊन आता सहा वर्षं झाली. एडवणच्या घरात ताई एकटीच असते. लग्न झालं नाही. एक स्थळ आलं होतं, बिजवराचं, तेही पाय बघून परत गेलं.

गेल्या महिन्यात माझ्या मोठ्या मुलीचं लग्न ठरलं. मी लॅपटॉप घेऊन एडवणला गेलो. मनात होतं, पत्रिका ताईनेच टाइप करावी. ती अंगणात बोंबील उलटे करत होती. मी लॅपटॉप तिच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणालो, "ताई, तुझ्या हातची पत्रिका पायजे. निदान पहिली ओळ तरी."

तिने मिठाचे हात लुगड्याला पुसले. बटणांकडे बघितलं. एक बोट पुढे केलं, आणि मागे घेतलं.

"मला नाय येत रे ते," ती म्हणाली.

मग मी सांगितलं. पिशवी वळचणीला ठेवली तिथपासून सगळं सांगितलं. नारिंगी वायरी, आये काय म्हणाली, मी तिला काय म्हणालो, बोर्ड आधी गेला नव्हता, मीच जाळला. मला वाटत होतं ती ओरडेल, निदान रडेल तरी.

"माहीत हाय," ताई म्हणाली. "आयेने दुसऱ्या दिशीच सांगितलं होतं, जवळा निवडताना. म्हणाली, तू बोलू नको, तो आपणहून सांगेल." तिने खाली पडलेला एक बोंबील उचलून परत वलांडीवर टांगला. "आये जाईपर्यंत वाट बघत होती. मी त्याच्या बऱ्याच आधी सोडून दिली."

कावळे उतरले होते. तिने तोंडाने हुस् केलं आणि पुढच्या वलांडीकडे लंगडत गेली. पत्रिका मी बोईसरला येऊन दुकानात टाइप केली. 'आपले विनम्र'च्या खाली आत्या म्हणून तिचं नाव घातलं आणि प्रिंट काढून तिला वाचायला पाठवली. तिने पेन्सिलने एक वेलांटी दुरुस्त करून परत पाठवली.